काळोखातली गोळी

लाडक्या जुन्या गुप्तहेर मालिकेचा हरवलेला भाग शिंपी, पोस्टमन आणि घड्याळजी हे तिघे मित्र वर्षानुवर्षं शोधत होते. तो सापडला, तेव्हा त्यांतल्या घड्याळजीची दृष्टी गेली होती. “मी येऊन काय करू?” तो म्हणाला, तरी शिंप्याने हाताला धरून आपल्या घरी आणलंच. पडद्यावर सावल्यांनी भरलेल्या गोदामात दिवा विझला, गोळी सुटली, मालक किंचाळला. “कोणी मारलं?” घड्याळजीने विचारलं. दोघेही डोळे ताणून पडद्याकडे बघत राहिले. “मला सांगणार नाही का?” त्याने दुखावून विचारलं. “अरे, पडदाच काळाकुट्ट आहे. आम्हालाही दिसलं नाही,” शिंपी म्हणाला. “त्याचा भाऊच असणार,” पोस्टमन म्हणाला. “छे, बायको. गोळीआधी तिच्या किल्ल्या वाजल्या,” घड्याळजी म्हणाला. शिंप्याने तो प्रसंग पुन्हा लावला. दोघांनीही डोळे मिटून घेतले. चहा घेऊन आलेल्या वहिनी थबकल्या. “टीव्ही लावून झोपलात की काय?” “श्श!” घड्याळजी म्हणाला, “बघतोय आम्ही.”