पळसाच्या पानांचा माणूस

"कितने साल हुए?" भय्याजींनी विचारलं.

"बारा भरले," रंभा म्हणाली. "चिठ्ठी नाई, निरोप नाई."

भय्याजींनी मान हलवली आणि पळसाचं आणखी एक पान देठासकट उचललं. समोर बांबूच्या चौकटीवर पानांचा माणूस हळूहळू आकार घेत होता. डोक्याच्या जागी नारळ, अंगाला तीनशे साठ पानं. बारा वर्षं बेपत्ता असलेल्या माणसाला असंच पोचवतात.

पोलादाचा प्लांट उभा राहत होता आणि भिलाईत दहा मुलखांतली माणसं गोळा झाली होती. जगायला सगळे सोबत, पण मेल्यावर खांदेकरी शोधत फिरावं लागे. ते काम भय्याजींनी आपणहून अंगावर घेतलं होतं. एरवी ते प्लांटवर खलासी. कुणी गेलं की बांबू, सुतळी, मडकं, लाकडं, गावाकडे तार, सगळं तेच बघत. नात्याचं कुणी नसलं तर अग्नीही देत. ते स्वतः कुठले, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हिंदी बोलणारा दाढीवाला, म्हणून सगळे भय्याजी म्हणत.

मजुरीला आलेल्या रंभाला तिच्या शेजारच्या गयाबाईनं त्यांच्याकडे आणलं होतं. उद्या जातीचे पंच बसणार होते. क्रिया झाली असेल तरच लहानूशी तिचा पाट लागणार होता. लहानू रेल्वेच्या गँगमध्ये होता, हसरा होता आणि रंभाला तो मनापासून हवा होता.

"दिखता कैसा था?"

"काय सांगू भय्याजी! मी अकरा वर्साची. लगनात मान खाली, मले त फक्त पाय दिसले. डाव्या पायाची करंगळी बाजूच्या बोटावर चढली होती. लय हासू आलं होतं मले. मंग मले सासरी धाडाच्या आधीच थो घरून निंगून गेला."

"गाँव?"

"तिरोड्याजवळ."

भय्याजींच्या हातातलं पान फाटलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं, दुसरं घेतलं आणि पाय पानांच्या ढिगात ओढून मांडी नीट घातली.

"गुस्सा है उस पर?"

रंभा विचारात पडली. ज्याचा चेहराच पाहिला नाही, त्याच्यावर रागवायचं तरी कसं? "आधी होता. आता वाटते, असन थितं सुखात असो. मले मोकळी कराव, बस."

मग भय्याजींनी खाली बघूनच विचारलं, "नाम?"

गयाबाईला हसू फुटलं. "अवो भय्याजी, आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेते का? त्याचं आयुष्य कमी होते! इचा भाऊ शामराव येऊन राहिला पॅसेंजरनं. थो सांगन."

संध्याकाळी चौघांनी पानांचा माणूस शिवनाथ नदीवर नेला. त्याला वजनच नव्हतं. उन्हात सोनेरी धूळ तरंगत होती, पाणी हलत नव्हतं, आणि रंभा झोपेत चालावं तशी मागून चालत होती.

सूर्य टेकला तरी शामरावचा पत्ता नव्हता. सूर्य बुडाला की अग्नी देता येत नाही आणि नावाशिवाय क्रिया लागत नाही.

"आता घे बाई तूच नाव," गयाबाई वैतागली. "जाळाले आनलं ना त्याले! आता कायचं आयुष्य?"

रंभानं तोंड उघडलं. पण लगेच पदरानं झाकून घेतलं. आईनं लहानपणी भिनवलेलं ते भय काही केल्या निघेना. उद्याचे पंच, लहानूचा हसरा चेहरा, सगळं हातातून निसटताना दिसत होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली.

भय्याजी गुडघाभर पाण्यात उभे होते. ते बाहेर आले. रंभाला डोळ्यांतल्या पाण्याआड त्यांची नुसती आकृती दिसली. त्यांनी पेटता पेंढा उचलला, पानांच्या माणसाभोवती फेरी घातली आणि त्याच्या डोक्याशी थांबले. मग तोंडाला हात लावून मोठ्यानं हाक मारली, आणि ती हिंदीत नव्हती.

"पंजाबराव रामाजी! जाय आता. रंभाले मोकळी कर."

पानं भडकन पेटली. तेव्हा कुठे नदीच्या पुलावर शामरावची पॅसेंजर दिसली.