जांभळ्या कडेचा घेवडा

गोजराबाईंनी डब्याचं झाकण उघडलं आणि तोंड फिरवलं. कुबट वास नाकात घुसला. घेवड्याच्या बियांत भुंगे वळवळत होते. एक मनगटावर चढला. शिसारी येऊन त्यांनी हात झटकला.

"राख कुटं गेली गं हितली?"

"धुतली," सून रेश्मा म्हणाली. "लई घाण दिसत हुतं, आत्या."

मूठभर बी पाण्यात टाकलं. सगळं वर तरंगलं. नुसती टरफलं. दोन दिवसांवर पेरणी आणि घरात एक दाणा नाही.

अख्ख्या माले गावात जांभळ्या कडेच्या शेंगांचा हा वेल फक्त त्यांच्याच मांडवावर चढायचा. सासूनं दिलेलं बी. कुणी मागितलं तर गोजराबाई हसून ओंजळभर द्यायच्या. देण्याआधी तेवढं तव्यावर जरा शेकायच्या. रंग बदलत नसे, पण कोंबही येत नसे. "तुमच्या मातीला मानवत न्हाई त्यो," असं मग त्याच सांगायच्या. किडकं बी मात्र त्यांना बघवत नसे. दरवर्षी एकेक भोकाचा दाणा चिमटीत धरून त्या उकिरड्यावर भिरकावायच्या.

"गंगूच्या कुडावर हाय की ह्योच वेल," रेश्मा हळूच म्हणाली. "मी बघितलाय."

शक्यच नव्हतं. गंगूलाही त्यांनी शेकलेलंच दिलं होतं.

गंगू त्यांच्या गोठ्यातलं शेण काढायची. तिचा कानतुटका कप त्यांनी गोठ्याच्या वळचणीला वेगळा ठेवला होता. आज पदर नाकाला लावून गोजराबाई तिच्या वस्तीवर चढल्या. चिखल, सुकटीचा वास, पायात घोटाळणारी कोंबडी. गंगूनं बसायला पोतं टाकलं. त्या उभ्याच राहिल्या.

त्यांनी मागितलं तसा गंगूनं आढ्याला टांगलेला वाळका भोपळा उतरवला. आतल्या राखेत हात घालून ओंजळ भरली. बी टपोरं होतं. एकाही दाण्याला भोक नव्हतं.

"गंगे, म्हंजी मी दिल्यालं ह्ये..." गोजराबाईंची जीभ अडखळली.

"न्हाई वो, आक्का. तुमी दिल्यालं तीनदा लावलं, तिन्ही येळंला कुजलं. वर माज्याच मातीला नावं ठिवलीत." गंगूनं ओंजळ त्यांच्या पदरात रिकामी केली. "ह्ये तुमी उकिरड्यावर फेकल्यालं हाय. भोकं हुती, पर कोंब जित्ता हुता."