रक्त न काढता आलेला रिपोर्ट

"अप्पा, आपल्या दवाखान्यातनं रक्त न काढताच रिपोर्ट येतो, हे खरं हाय का?"

मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून विद्याश्रीनं विचारलंच. अप्पा, म्हणजे डॉक्टर शशिधर, हसले. "कुणीतरी आपल्या नावानं खोटे मेल पाठवतंय की. एवढी हुशार हायस, तर थांबव!"

दहावीतल्या पोरीला तेवढंच हवं होतं. रविवारी शाहूपुरीतल्या दवाखान्यात ठाण मांडून तिनं मेलला तपासणी बसवली. दवाखान्यातून निघालेला मेल तेवढा पोचणार, नाव चोरलेला परत फिरणार. सोमवारी शाळेत ती केवढी मिरवली!

मंगळवारी दवाखान्याच्या जुन्या पेशंट बाळाबाईंना रिपोर्ट गेला. त्यांचं रक्त कुणी काढलंच नव्हतं, तरी तपासणीत मेल खरा ठरला. खाली लिहिलं होतं, 'रुग्ण दगावला', आणि तारीख गुरुवारची.

गुरुवारी बाळाबाई दवाखान्याच्या पायरीवरच कोसळून गेल्या.

आज सकाळी तसाच मेल आईच्या नावानं आला. तारीख उद्याची. विद्याश्रीनं चारदा तपासला. चारही वेळा उत्तर तेच: मेल खरा, आपल्याच दवाखान्याचा.

ती स्वयंपाकघरात धावली. आई भाकरी थापत होती. तिच्या कोपराच्या खळीत कापसाचा बोळा चिकटवलेला होता.

"हे काय गं, आई?"

"काय की बाई. उठले तवा होतंच."

अप्पा दारात थबकले. "मी न्हाय लावलं."

बोळ्यावरचा लाल ठिपका अजून ओला होता.

विद्याश्रीनं आईचं पिठानं भरलेलं मनगट घट्ट धरलं. "अप्पा, आई, ऐका. उद्या शाळा न्हाय, दवाखाना न्हाय. उद्याचा दिवस संपेपर्यंत मी हा हात सोडणार न्हाय."