डोळ्यांतल्या मुंग्या

"निगेटिव्ह," डॉक्टर सरिता म्हणाल्या आणि त्यांनी कागद धम्मदीपपुढे सरकवला. मुंबईच्या लॅबनं रक्त दोन पद्धतींनी तपासलं होतं. दोन्हींत काही निघालं नव्हतं, म्हणजे गोचिडीपासून होणारा लाइम नावाचा आजार नव्हताच. चांगली बातमी आहे, असं त्या वर हिंदीत म्हणाल्या. असली चांगली बातमी दुश्मनालाही मिळू नये.

धम्मदीप सव्वीस वर्षांचा, हिंदी मुलखातच जन्मलेला-वाढलेला. शहराबाहेर उभ्या राहणाऱ्या नव्या राजधानीच्या ऑफिसात नकाशे काढायचा. दोन वर्षांपूर्वी मोजणीसाठी तो महिनाभर अभनपुरकडच्या शेतांतून हिंडला होता. तिथं मांडीला गोचीड चिकटली. त्यानं ती ओढून फेकली आणि विसरून गेला. मग चार दिवस ताप आला आणि उतरला. त्यानंतर एका सकाळी डोळे उघडले तर सगळ्या जगावर मुंग्या. जुन्या टीव्हीचा अँटेना हलला की पडद्यावर यायच्या, अगदी तशा. भिंतीवर, आभाळात, आईच्या तोंडावर. डोळे मिटले तरी होत्याच. कानांत बारीक शिट्टी वाजायची ती वेगळीच. दोन वर्षांत यातलं काही एक क्षण थांबलं नव्हतं.

डोळ्यांच्या डॉक्टरनं डोळे उत्तम ठरवले. मेंदूचा फोटो स्वच्छ आला. एकानं मोबाइल बंद करायला सांगितलं, दुसऱ्यानं लग्न करून टाकायला. आपलं म्हणणं कुणाला पटत नाही हे दिसल्यावर धम्मदीपनं सगळं सांगणंही सोडून दिलं. मग कधीतरी इंटरनेटवर त्याला लाइम सापडला. गोचीड चावते, जंतू अंगात शिरतात, नसांना त्रास होतो, आणि महिनाभर गोळ्या घेतल्या की बरं वाटू शकतं. पोरगा त्या आजाराच्या प्रेमातच पडला. बाकीचे लोक रिपोर्ट साफ यावा म्हणून जीव मुठीत धरून बसतात. याला तो खराब हवा होता.

आणि त्याच्या वडिलांना त्याच्याहून जास्त. भैय्यालाल रेल्वेत इंजिनवर ड्रायव्हर होते, चार वर्षांपूर्वी रिटायर झालेले. बोलण्याच्या बाबतीत पक्के कंजूष. पण लाइमचं नाव निघाल्यापासून त्यांना चैन नव्हतं. समता कॉलनीतल्या या दवाखान्यात रक्त द्यायला तेच स्कूटरवर घेऊन आले. पुढचे बारा दिवस रोज दवाखान्यात फोन करून त्यांनी तिथल्या पोरींना वैताग आणला. आणि एकच प्रश्न त्यांनी दहादा विचारला असेल, "गोचीडच होती ना रे ते? बराबर पाह्यली होती ना?" म्हाताऱ्याची बुद्धी आता सठियावली, असं धम्मदीपला वाटायचं.

आता भैय्यालालांनी कागद हातात घेतला, सावकाश वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली. पुन्हा एकदा तपासता येईल का, असं त्यांनी डॉक्टरांना विचारलं. गरज नाही, त्या म्हणाल्या. याच्यावर खात्रीचं औषध कुणाकडेच नाही, तेव्हा सवय करून घ्यावी लागेल, हेही त्यांनी शक्य तितक्या मायेनं सांगितलं.

बापलेक बाहेर येऊन दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसले. तेवढ्यात गुढियारीच्या घरून आईचा, शांताबाईचा, फोन आला. निगेटिव्ह हा शब्द ऐकताच तिला रडू फुटलं. संध्याकाळी विहारात खीर नेते म्हणाली. तिला काय सांगायचं? धम्मदीप हं हं म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मग तो त्या भर दुपारी, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, लहान पोरासारखा रडला.

"बीमारी रहती तो इलाज रहता, बाबा," तो म्हणाला. "अब क्या करूँ?"

 भैय्यालालांनी कागदाची घडी करून ती शर्टाच्या खिशात घातली. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, "हात हालवला का त्याच्या मांगून अजून एक हात जाते ना?"

धम्मदीपचं रडणं जागच्या जागी थांबलं. हलत्या हातामागं त्याच हाताची पुसट छटा सरकताना दिसते, ही गोष्ट त्यानं कुणालाच सांगितली नव्हती. ना डॉक्टरला, ना आईला. वेडा ठरवतील म्हणून.

मग जन्मभर कंजुषी केलेला तो माणूस एकदम सगळं बोलला. तेविसाव्या वर्षी, इंजिनवर असिस्टंट असताना, त्यांनाही असंच एका सकाळी सुरू झालं होतं. गोचीड नाही, ताप नाही, काही नाही. रेल्वेच्या डोळे तपासणीत अक्षरं विचारायचे, ती ते बरोबर वाचायचे. मुंग्यांचं कुणी विचारायचं नाही. आपण होऊन सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी इंजिनवरून उतरवलं असतं, म्हणून त्यांनी ते कधी सांगितलं नाही. शांताबाईलासुद्धा नाही. दोन वर्षांपूर्वी पोरगा जेवताना प्रथम मुंग्या दिसतात म्हणाला, तेव्हा ते ताटावरून उठून गेले होते. मग त्या गोचिडीचं कळलं आणि त्यांनी तिलाच घट्ट धरलं. तिनं दिलेलं असेल तर आपण दिलेलं नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता.

धम्मदीपला राग यायला हवा होता. तो आलाही असता. पण दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याच्यासमोर असा माणूस बसला होता, ज्याला सगळं माहीत होतं. शिवाय हा माणूस पुढं आयुष्यभर गाड्या घेऊन गेला, त्यानं संसार केला, तो रात्री झोपत होता.  त्यानं बापाचा हात धरला.

"फिर ठीक कब हुआ, बाबा?"

भैय्यालालांनी त्याच्याकडे पाहिलं.

"वाटच पाहून राहिलो," ते म्हणाले. "एक्केचाळीस वर्ष झाले."