बंद भाग

डावीकडे. बोळ. पायऱ्या उतरून उजवीकडे.

आणि ती स्वतःच्याच गल्लीत शिरली.

मान खाली, अंगठा नकाशावर. या खेळात नकाशावरची नजर हलली की माणूस कामातून गेला. समोरच्या दिव्याच्या खांबाला नारिंगी-पांढरा कापडी कंट्रोल, म्हणजे वाटेतल्या टप्प्याची खूण, लटकत होता. त्याला बोटातली चिप टेकवायची आणि पुढच्या कंट्रोलकडे धूम ठोकायची. खांबासमोर तिचं घर. पहिल्या मजल्यावर खिडकी. खिडकीत आई असणार.

वर बघायचं नव्हतं.

चिप लागली. गल्ली टाळ्या पिटत होती.

पुढे फाटक. कुंपणाला वळसा.

हे असं घरासमोरून पळणं तिला मुळात पसंतच नव्हतं. ओरिएंटियरिंग, नकाशावरून वाट शोधत पळायचा हा खेळ, जंगलातच व्हायला हवा, एकट्याने, कुणी बघत नसताना. संघटनेच्या सभेत ती ठणकावून बोलली होती, "झाडं टाळ्या वाजवत नाहीत, म्हणून डोकं ठिकाणावर राहतं." पण संघटनेला प्रेक्षक हवे होते. शर्यत शहराच्या जुन्या भागात आली. चौकात बाकं मांडली, भिंतीएवढा पडदा लागला, कंट्रोलांवर कॅमेरे चढले. खेळाडूंना एकामागून एक सोडायचं तेही गेलं. सगळ्यांना एकदम सोडायचं, म्हणजे बघणाऱ्यांना कोण पुढे ते लगेच कळतं. आणि आधीच जाऊन कुणी गल्लीबोळ पाठ करू नयेत म्हणून, नियमाप्रमाणे, तो अख्खा भाग खेळाडूंना बंद झाला.

त्यात तिचं घरही आलं.

नोकरीमुळे ती नदीपलीकडे खोली घेऊन राहायची. रविवारी जेवायला घरी जायची, ते थांबलं. तिने मास्तरांना, म्हणजे तिच्या प्रशिक्षकांना, परवानगीचं विचारायला सांगितलं. मास्तर निरोप घेऊन आले, नाही म्हणतायत. ती चिडली नाही. नियमांच्या बाबतीत ती स्वतःच फार कडक. उन्हाळा असाच गेला, थंडी पडायला लागली. उरला तो फोन.

"तुझ्या खेळात बघायचं तरी काय असतं गं, बयो?" आई म्हणायची. "पोरगी झाडांत शिरते आणि चिखलाने माखून बाहेर येते. मधलं सगळं आम्ही मनानेच बघायचं."

"आता बघ की पोटभर. तमाशा दारातच आणून ठेवलाय."

"ठेवू दे. मला बसल्या जागी दिसेल. तू मात्र वर बघू नकोस हं. माझ्याकडे बघत राहशील आणि भलत्याच्याच अंगणात घुसशील."

"त्यापेक्षा तूच ये ना इकडे एकदा. नाहीतर व्हिडिओ तरी लाव."

"गुडघे कुठे येऊ देतात. आणि त्या व्हिडिओत माझं नाक बटाट्याएवढं दिसतं."

सरळ. चौक. शेवटचा कंट्रोल. अंतिम रेषा.

पहिल्या दोघींची देशाच्या संघात निवड होणार होती. ती दुसरी आली.

कमरेत वाकून ती धापा टाकत राहिली. कुणीतरी हातात पाण्याची बाटली दिली. मास्तर जवळच उभे होते, पण शाबासकी नाही, काही नाही. ते पडद्याकडे बघत होते. बाकांवरचे लोकही उभे राहून तिकडेच बघत होते.

"तो क्षण पुन्हा एकदा पाहू या," निवेदकाचा आवाज दाटून आला होता. "आईसमोरून धावणारी लेक."

झालं, रडवायचा कार्यक्रम सुरू, ती मनाशी म्हणाली.

पडद्यावर गल्ली आली. खांबापाशी ती, मान खाली. मग कॅमेरा वर सरकला. त्यांच्या खिडकीत एक म्हातारी होती. डोक्यावर केस नाहीत. गालांची हाडं वर आलेली. नाकात नळी. ही कोण आमच्या घरात? तिला खरंच प्रश्न पडला. मग म्हातारीच्या काखांत हात घालून तिला उभं धरणारा माणूस दिसला.

तो दादा होता. तिचा सख्खा भाऊ.

म्हातारीने हात वर केला. खाली तिने चिप टेकवली आणि ती निघून गेली. हात वरच होता. तिच्या मागच्या सगळ्याजणी पळून गेल्या, गल्ली रिकामी झाली, तरी हात वरच.

चौक टाळ्यांनी दणाणला. या सगळ्यांनी आईला पाहिलं होतं. परक्या माणसांनी, त्यांच्या पोराबाळांनी, खाऊ विकणाऱ्यानेसुद्धा.

बाटली कधी पडली ते तिला कळलं नाही. ती गल्लीच्या तोंडाशी पोचली तेव्हा मुख्य संयोजक आडवे आले.

"आत नाही जाता येणार. दोघीतिघी अजून पळतायत. आत्ता गेलात तर बाद व्हाल. निवड जाईल."

"जाऊ दे." तिने एक पाय गल्लीला आडव्या बांधलेल्या दोरीपलीकडे टाकला होता. "घरी जाऊ का म्हणून विचारलं होतं तुम्हाला. एकदा, नुसतं एकदा. तुम्ही नाही म्हणालात."

संयोजकांनी तिच्या मागे उभ्या मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी मान फिरवली.

"माणसाला स्वतःच्या घरी जायला आम्ही कशाला नाही म्हणू?" संयोजक हळू आवाजात म्हणाले. "परवानगी त्याच दिवशी दिली होती. दुसऱ्या दिवशी तुमच्या आई आल्या, तुमच्या भावाला धरून धरून. म्हणाल्या, तिला नाही म्हणूनच कळवा. मला असं बघितलं तर ती पळणं सोडून उशाशी बसेल. आणि मला तिला पळताना बघायचंय."