पिंपावरचं कातडं

आमच्या वोसच्या खोऱ्यात, म्हणजे नॉर्वेच्या डोंगरात, नाताळची बिअर घरोघरी आंबवतात. खमीर घातलं की पिंप मेंढीच्या कातड्यात गुंडाळायचं. पिंप गारठलं की बिअर बिघडली.

गेल्या वर्षी घरात कातडं एकच होतं, आजारी बाबांच्या गुडघ्यांवर.

"टोर्केल, थंडी वाजतेय रे," ते म्हणाले.

"दोनच दिवस, बाबा," म्हणत मी ते काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. बिअर फक्कड झाली. लोकांना मी सांगितलं, शेवटपर्यंत उबेत होते.

यंदा रोज पिंप गुंडाळतो, आणि सकाळी कातडं बाबांच्या रिकाम्या खुर्चीवर असतं. काल दोरीने करकचून बांधलं. आज कातडं पुन्हा खुर्चीवर, पण दोरी पिंपाला तशीच आहे, गाठही सुटलेली नाही.

दुपारी शेजारच्या गुनहिल्डकाकू आल्या. त्यांनी पिंपाला हात लावला.

"बर्फ झालंय हे. बाबा असते तर कान उपटले असते तुझे."

मी मान खाली घातली. काकू खुर्चीवरचं कातडं उचलायला गेल्या आणि वाकलेल्या तशाच थांबल्या.

"हे कुणीतरी धरून ठेवलंय," त्या हळूच म्हणाल्या. "हात किती गार आहेत."

आणि खुर्चीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिल्या.