कडेवरची जागा

"आई, हा जांभळा कर. नव्या नोकरीवर काय हेच विटकं घालून जाणारेस?" ओजूनं निळा कुर्ता उचलला.

सकाळपासून मायलेकी शर्वरीचे जुने कपडे कपाटाच्या खालच्या खणात सारत होत्या. आत गेलेला कपडा अंगाच्या जुन्या सवयी विसरायचा आणि नव्या रंगात, नव्या बेतात बाहेर यायचा.

"थांब गं, एकदा घालून बघते," शर्वरी म्हणाली.

कुर्ता अंगावर चढताच डाव्या कमरेपाशी कापड फुगलं आणि तिथे एक इवलीशी बैठक तयार झाली. ओजू खो खो हसत सुटली. "ई, हे काय टेंगूळ!"

"टेंगूळ काय? तुझं सिंहासन आहे ते. दोन वर्षं कडेवरून उतरली नाहीस, तेव्हा शिकलंय कापड."

"मग आत्ता घे ना!" म्हणत ओजूनं उडी मारली आणि दोघी पलंगावर कोसळल्या. अकरा वर्षांची घोडी आता कुठे मावणार?

"टाक तो आत, जांभळाच कर हं!" ओजू म्हणाली आणि खालून मैत्रिणीची हाक येताच पळाली.

शर्वरीनं कुर्ता उतरवून खणात ठेवला. खण मिटू लागला, तसा तिनं कुर्ता घाईघाईनं बाहेर ओढला आणि कपाटाच्या आतल्या खुंटीला अडकवून टाकला.

मग उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या ध्यानात आलं. कुर्ता अंगावर नव्हता, तरी ती डावी कंबर बाहेर काढून उभी होती आणि कुणाला तरी निजवत असल्यासारखी हलकेच डुलत होती.